कानाच्या उंचीवर

लोकांच्या घरात सिनेमाची खोली बसवून देणं हा माझा धंदा, आणि लोकांच्या घरांची मला किळस येते. समोरून सगळं कसं झकपक असतं. वायर टाकायला सोफा पुढे ओढला की मागे केसांचे गुंते, कापलेली नखं, चघळून टाकलेलं काहीतरी. मी हातमोज्यांशिवाय कुठेच काम करत नाही. ताई यावरून माझी टर उडवते. "छोट्या, तुला नाक जरा जास्तच मिळालंय," म्हणते.

तिच्या घरी मात्र मी उघड्या हातांनी काम सुरू केलं. घर कोरं होतं, आणि ताईचं होतं.

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने स्वतःच्या पगारावर हा फ्लॅट घेतला. सासरी इतकी वर्षं तिने टीव्ही पाहिला तो स्वयंपाकघराच्या दारात, हात पुसत उभं राहून. जरा टेकली की कुणाला तरी पाणी हवं असायचं. आता आतल्या बिनखिडकीच्या खोलीत तिला मोठा पडदा हवा होता आणि समोर एकच खुर्ची, मागे रेलता येईल अशी.

"एकच?" मी विचारलं.

"दुसरी ठेवली की कुणीतरी येऊन बसतं. मला पाय पसरून एक सिनेमा शेवटपर्यंत बघायचाय. बाकी काही नको."

त्या एका खुर्चीसाठी मी जीव तोडून काम केलं. तिथून पडदा किती अंतरावर, स्पीकर कुठल्या कोनात, सगळं पुन्हा पुन्हा तपासलं. भिंतींवर आवाज शोषणारे थर चढवले, दाराला रबराची पट्टी लावली. भिंती गडद करू म्हणून तिच्या मागे लागलो, पण तिने हट्टाने फिकट क्रीम रंग देऊन घेतला. गालिचा मी स्वतः अंथरला. दार लावलं की आपलंच गिळणं आपल्याला ऐकू यायचं, इतकी ती खोली शांत झाली.

राहिला सबवूफर, म्हणजे खर्ज काढणारा जाडजूड ठोकळा. तो कुठे ठेवायचा हे मोजपट्टी सांगत नाही. आमच्या धंद्यातली रीत अशी की ठोकळा माणसाच्या जागी खुर्चीत बसवायचा आणि वाजता ठेवायचा. माणसाने ठोकळ्याच्या जागी, जमिनीवर, भिंतीच्या कडेकडेने कान खाली धरून रांगत जायचं. जिथे आवाज घट्ट आणि स्वच्छ लागेल तिथे ठोकळ्याचं कायमचं ठिकाण.

"मी रांगते," ताई म्हणाली. "तुझ्या पँटची इस्त्री मोडेल."

ओढणी कमरेला खोचून ती निघाली. अर्ध्यावर तिला इतकं हसू आलं की गालिच्यावर आडवी झाली. तिला असं हसताना मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. दारामागच्या कोपऱ्यात ती थांबली.

"इथे. छोट्या, इथे काय सुरेख लागतो रे."

मी वाकून ऐकलं. जागा अचूक होती. पण तिथे वास होता, महिनोन्‌महिने न धुतलेल्या उशीच्या अभ्र्याला येतो तसला, शिळ्या तेलाचा. आणि भिंतीवर, रांगणाऱ्या माणसाचा कान येईल त्या उंचीवर, तळहाताएवढा पिवळट डाग. रंग नुकता वाळला होता.

मी रंगाऱ्याला बोलावून फैलावर घेतलं. त्याने डागाला बोट लावलं आणि बोट पँटला पुसलं.

"साहेब, हा रंगाचा दोष नाही. सलूनमध्ये बाकड्यामागच्या भिंतीला असतो ना, तो डाग आहे. डोकं टेकून टेकून पडतो."

"इतक्या खाली?"

"रांगतं मूल आहे घरात?"

"नाही."

"मग मला काय विचारता?" त्याने रंगाचे दोन हात दिले आणि जाताना नळाखाली बराच वेळ हात धुतले.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा डागाचा पट्टा झाला होता. त्याच उंचीवर, चारही भिंतींवरून, दारावरूनसुद्धा. खालचा गालिचा दबून चकचकीत झाला होता. स्पिरिट लावून मी पुसायला बसलो. कापूस पिवळा निघाला. त्याला पापुद्रे होते आणि आखूड, राठ, पांढरे केस. ताईचे केस काळे आणि कमरेपर्यंत. त्यातला एक केस माझ्या ओठाला चिकटला, आणि मी बाथरूममध्ये जाऊन भडाभडा ओकलो.

"तुला वास येत नाही?" मी विचारलं.

"कसला?" पाण्याचा तांब्या पुढे करत ताई म्हणाली. "तुझं आपलं काहीतरीच."

अचूक जागा सोडून मी सबवूफर पडद्याखाली बसवला. त्या कोपऱ्यात पुन्हा हात घालायची माझी तयारी नव्हती. खुर्चीवरचं प्लास्टिक काढायला गेलो तर ताईने अडवलं. "राहू दे. पहिल्या सिनेमाला मीच काढीन."

काही दिवसांनी तिचा फोन आला. "खुर्चीतून बरोबर लागत नाही रे. खाली गेलं की लागतो."

"खाली कशाला जातेस?"

"तूच शिकवलंस ना?"

मग ती फोन उचलेना. शेवटी तिच्या ऑफिसातून मला विचारणा झाली, बाई कामावर का येत नाहीत. मी हातातलं काम टाकून भर दुपारी तिच्याकडे गेलो.

ताईने दार उघडलं आणि मला शिसारी आली. सख्ख्या बहिणीची शिसारी. डाव्या बाजूचे केस चपटे होऊन गालाला चिकटले होते. डावा कान सुजून तेलकट झाला होता. सलवार गुडघ्यांवर विरली होती.

"आलास?" ती म्हणाली. "चल, चालू आहे."

पडदा बंद होता. खुर्चीवर प्लास्टिक तसंच, आणि मी पडद्याखाली बसवलेला सबवूफर आता त्या प्लास्टिकवर ऐसपैस बसून घुमत होता. ती त्या खुर्चीत एकदाही बसली नव्हती.

ताई खाली वाकली, कान भिंतीला लावला आणि रांगू लागली. मधेच थांबायची, पुढच्याने सरकायची वाट बघत थांबावं तशी. मग पुन्हा हात पुढे टाकायची.

"ताई, ऊठ. माझ्या घरी चल."

मी तिचा दंड धरला. तेलकटपणाने तो हातातून निसटला.

"मध्ये घुसू नकोस," ती शांतपणे म्हणाली. "मागून ये."

मी सबवूफरची पिन उपसली.

खोली गप्प झाली. मी केली होती तितकी गप्प.

ताई थांबली नाही. तिचे केस भिंतीवर घासत होते, ते स्वच्छ ऐकू येत होतं. आणि तिच्या थोडं पुढे, तसंच आणखी एक घासणं.

तिच्या पुढची भिंत, जिथे ती अजून पोचली नव्हती, त्याच उंचीवर हळूहळू तेलाने ओली होत चालली होती.