पाहुणा मणी

दुकान दोघी बहिणींचं, वह्या शिवायचं. थोरली कागद दुमडायची, दुमडलेल्या कागदांचे फर्मे एकावर एक लावायची, दाभणाने भोकं पाडून ते शिवायची आणि पुठ्ठा चढवायची. मग धाकटी त्या शिवणीवर, वहीच्या उघड्या पाठीवर, काचेचे बारीक मणी ओवायची. "मण्यांनी काही पानं वाढत नाहीत," असं थोरली म्हणायची. पण गिऱ्हाईक आत यायचं ते मणी बघूनच, हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

धाकटीच्या कामाच्या तऱ्हा होत्या. पाठ एकाच दोऱ्यात भरायची, मध्ये जोड द्यायचा नाही. शेवटी दोरा तोडायचा तो दाताने. थोरलीने कात्री पुढे केली की ती मुद्दाम मान तिरकी करून कट्कन तोडायची. आणि शेवटचा मणी परका हवा. निळी पाठ असेल तर लाल, हिरवी असेल तर पांढरा, आणि तोही विकत आणलेला नाही. कुणाच्या फ्रॉकचा निखळलेला, कुणाच्या तुटलेल्या माळेतला, असा मागून आणलेला. त्याला ती 'पाहुणा' म्हणायची. असले पाहुणे जमवून तिने मण्यांच्या डब्यातच एका पुडीत बांधून ठेवले होते. पाहुणा बसल्याशिवाय वही दुकानाबाहेर जायची नाही. का, असं विचारलं तर हसायची. "घरात सगळे घरचेच असले की कंटाळा येतो गं ताई."

एका मास्तरीणबाईंची निळी वही अर्ध्यावर आली होती, तेव्हा धाकटी कोपऱ्यावर चहा सांगायला म्हणून उठली. बाहेरची पायरी ओली होती. पाय घसरला आणि डोकं कठड्यावर आपटलं. रक्त फारसं आलंच नाही. तेच वाईट, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून ती इस्पितळात डोळे मिटून पडलेली. श्वास आपला आपण घेत होती, हाक मारली तर ओ नाही, चिमटा काढला तर हूं नाही. रात्री तिचा नवरा तिच्यापाशी बसे. तो विजेची कामं करायचा, सगळे त्याला वायरमन म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. दुपारी थोरली जाई. सकाळी मात्र ती न चुकता दुकान उघडायची, कारण घरी बसली असती तर वेड लागलं असतं.

निळी वही होती तशीच टेबलावर होती. सुई शेवटच्या मण्यापाशी टाक्यात अडकलेली, दोरा लोंबता. मास्तरीणबाई भल्या. "वही कुठे पळून चाललीय? आधी तिला उठू दे," म्हणाल्या. थोरलीनेही वहीला हात लावला नाही. ते धाकटीचं काम होतं.

एका सकाळी कुलूप काढून ती आत आली, केर काढला, पिशवी खुंटीला लावली आणि टेबलाकडे पाहिलं, तर मण्यांची ओळ पुढे गेली होती.

आपलीच नजर फसतेय, असं तिने स्वतःला सांगितलं. झोप नाही, पोटात अन्न नाही, दिसायचंच काहीबाही. पण ती थोरली होती, कागदाचा काठ केसभर सरकला तरी जिच्या डोळ्यात खुपायचा ती. तिने पेन्सिल घेतली आणि शेवटच्या मण्याशेजारी बारीक रेघ ओढली. दुसऱ्या सकाळी रेघ मागे राहिली होती. निळ्या मण्यांची लाट तिच्यावरून उतरून खाली चालली होती.

दुकानाची दुसरी किल्ली वायरमनकडे असायची. थोरलीने त्याला इस्पितळाच्या व्हरांड्यात गाठलं.

"रात्री दुकानात जाता का हो तुम्ही?"

"मी? मी तर इथेच असतो ताई. का?"

"वहीला हात लावलात?"

"मला सुईत दोरा ओवता येत नाही," तो म्हणाला. "शर्टाचं बटणसुद्धा तीच लावते." आणि बोलता बोलता त्याचा आवाज चिरकला. थोरलीला स्वतःचीच लाज वाटली. तरी संध्याकाळी तिने वही लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधून घरी नेली. माणूस चांगला असला म्हणून पडताळा पाहू नये असं थोडंच आहे!

सकाळी कपाट उघडलं तेव्हा कुलूप जसंच्या तसं होतं. आतून मेणाचा वास आला. धाकटी दोऱ्याला मेण लावूनच शिवायची. वही जागेवर होती. ओळ पुढे गेली होती.

थोरली स्टुलावर बसली. दोरा ओढून पाहिला, टाका निरखला. दर तिसऱ्या मण्यानंतर एक हलका वेढा होता, जरा सैल, कारण घट्ट ओढला तर कागद चिरतो. तो वेढा थोरलीला कधी जमला नव्हता. शिकवताना धाकटीच वैतागायची. "ताई, तुझा हात म्हणजे हातोडा आहे."

पाचावर धारण बसावी अशीच गोष्ट होती ही. पण खरं सांगायचं तर थोरलीला भीती वाटलीच नाही. तिला रडू आलं, आणि किती तरी दिवसांनी ते दुःखाचं नव्हतं.

त्या दुपारी इस्पितळातली सिस्टर जरा घुश्श्यातच होती. सिस्टर मोठी कामसू बाई. मनगटात पिवळ्या मण्यांचं कडं, तिच्या मुलीने ओवून दिलेलं. तिने धाकटीचा डावा हात उचलून थोरलीपुढे धरला, तेव्हा ते मणी खुळखुळले.

"हे बघा. बोटाला टोचलंय कुणीतरी. मी तर टोचलेलं नाही. डॉक्टर म्हणतात त्यांनीही नाही."

तर्जनीच्या टोकावर बारीक बारीक ठिपके होते, ताजे. शिवणाऱ्या बाईच्या बोटावर असतात तसे. थोरलीने ते बोट हातात घेतलं, वाकून हुंगलं. मेणाचा वास.

"काय झालं हो?" सिस्टरने विचारलं.

"काही नाही," थोरली म्हणाली. "जुनी सवय आहे तिची."

सिस्टरने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की आता हिलाही एक खाट लागणार बहुतेक.

मग थोरलीचा दिनक्रमच बदलला. सकाळी धावत दुकानात जायचं, ओळ कुठवर आली ते पाहायचं, आणि दुपारी धाकटीच्या कानाशी सांगायचं, "छान झालीय गं. वळणावरचा टाका अगदी नेटका." वायरमनला वाटलं, ताईंनी धीर धरलाय. त्याच्याही तोंडाला जरा चव आली.

आणि मग एके दिवशी निळे मणी संपले.

पाठ भरली. वरपासून खालपर्यंत लाट उतरून आली होती. शेवटच्या टाक्याची एकच जागा मोकळी होती, पाहुण्याची. दोरा उरला होता तोही तेवढाच. एक मणी आणि वर गाठ, बस.

नेमकं त्याच दुपारी डॉक्टरांनी वायरमनलाही बोलावून दोघांना बाजूला घेतलं. नाडी मंदावतेय, म्हणाले. काल होती तेवढी साथही शरीर आज देत नाहीये. "आशा सोडू नका. पण मनाची तयारी ठेवा."

व्हरांड्यात थोरलीने पहिल्यांदाच वायरमनला सगळं सांगितलं. तो हसला नाही. त्याने खिडकीचा गज धरला.

"मग तुम्हीच लावा ना तो मणी," तो म्हणाला. "वही पुरी करा, तिच्या हातात देऊ. कुणी सांगावं?"

"पुरी करू?" थोरली कडाडली. "अहो, बायको तुमची ना? हातातलं काम संपलं की ती काय करते, पाहिलंय ना तुम्ही? हात झटकते, उठते आणि चालू लागते. मागे वळूनही बघत नाही!"

"आणि अर्धं राहिलं तर?"

अर्धं काम ठेवून धाकटी कधी घरी आलीच नव्हती.

संध्याकाळी ती दुकानात परतली. अजून उजेड होता. समोरचा चहावाला पेले विसळत होता, रस्त्यावरून सायकली जात होत्या. तिने वही कपाटातून काढून टेबलावर ठेवली. मण्यांचा डबा उचलला, आतली पाहुण्यांची पुडी चाचपून पाहिली आणि डबा पिशवीत टाकला.

मग रिकाम्या खोलीला उद्देशून, चारचौघांत बोलावं तशा आवाजात ती म्हणाली, "डबा मी घरी नेतेय. पुडीसकट. शोधू नकोस, सापडायचा नाही."

कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं.

"पाहुणा बाहेरून आणायचा असतो, तुझाच नियम आहे. तर जिथे आहेस तिथून आण. आणि शोधायचा तर डोळे उघडावे लागतील. ऐकतेस ना गं? उघड डोळे."

टेबलाच्या काठावर सुई लोंबत होती.

ती हलली.

वारा असेल. दार उघडंच होतं. थोरलीने ते ओढलं, कुलूप लावलं आणि घरापर्यंत मागे वळून पाहिलं नाही.

सकाळी दुकानाच्या दारातच वायरमनचा फोन आला. त्याला धड बोलता येत नव्हतं. "ताई, या. लवकर या. पापण्या... पाणी मागितलं तिने."

थोरलीने टेबलावरची वही न बघताच पिशवीत कोंबली. रिक्षात ती मोठमोठ्याने रडली. रिक्षावाल्याने कुणी गेलं असावं असं समजून सहानुभूतीने मान हलवली. "अहो, आलीय!" थोरली त्याच्यावर ओरडली. "गेली नाही, आलीय!"

धाकटी उशीला टेकून होती. चेहरा कागदासारखा, पण डोळे उघडे, आणि ते थोरलीलाच शोधत होते. थोरलीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. धाकटीचे ओठ हलले. आवाज अगदी खरखरीत होता.

"डबा का नेलास गं? किती शोधला मी."

वायरमन आनंदाने हसला. ग्लानीत बोलतेय, म्हणाला. थोरली हसली नाही. डबा नेल्याचं तिने त्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

तिने पिशवीतून वही काढली आणि धाकटीच्या मांडीवर ठेवली. धाकटीचा अंगठा सवयीने पाठीवरून खाली उतरत गेला, निळ्या मण्यांवरून, थेट शेवटपर्यंत, आणि तिथे थांबला.

शेवटच्या जागी एक पिवळा मणी बसला होता. गाठ पक्की होती. दोऱ्याचं टोक कात्रीने कापलेलं नव्हतं. ते चावून तोडलेलं होतं, जरासं ओलसर.

"बसला," धाकटी पुटपुटली आणि समाधानाने डोळे मिटून घेतले. थोरलीने घाईने तिच्या नाकाशी बोट धरलं. पण श्वास नीट चालला होता, गालावर रंग होता. ती साधी झोप होती.

इतक्यात सिस्टर नाडी बघायला आली. आज तीही खूश होती. "आमच्या सगळ्या वॉर्डाला पेढे हवेत हं," म्हणाली आणि धाकटीचा हात उचलला.

"अहो, पण एक गंमत सांगते. माझ्या मुलीला काय सांगू, कळत नाहीये. पहाटे हिने डोळे उघडले ना, तेव्हा हा हात असाच हातात होता. नंतर बघते तर..."

तिने मनगट पुढे केलं. पिवळे मणी एकमेकांना खेटून बसले होते, फक्त एके ठिकाणी एका मण्याएवढी जागा मोकळी होती. तिथे नुसता दोरा दिसत होता.

थोरलीने तो बोटाने चाचपून पाहिला. दोरा कुठेही तुटला नव्हता.