रिकाम्या मण्यांचा ससा

लिफ्टचं दार उघडलं आणि ती तपकिरी सशासकट त्याच्या अंगावर आदळली. ससा शांत होता. घाबरले ते दोघेच.

"सांभाळून… पाय मोडेल त्याचा."

"हाडात भोक आहेच आधी. आम्हीच पाडलंय," ती म्हणाली.

अशा वाक्याने सहसा कोणी प्रेमात पडत नाही. हा पडला की नाही, हे मात्र तिला कळेना.

ती संशोधक. तिचे बाबा कोलेस्टेरॉलची जी गोळी घेतात, तीच हाडही भरून आणेल असा तिचा कयास. पण गोळी गिळली की बरीचशी यकृतच अडवून धरतं. हाडाच्या वाट्याला चिमूटभर. म्हणून तिने औषधाचे इवले मणी केले, थेट हाडाच्या भोकात ठेवायचे. निम्म्या सशांना औषधाचे मणी, निम्म्यांना रिकामे. कुणाला कोणते, ते फक्त प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना ठाऊक.

तो एक्स-रेवाला. निकाल लागेपर्यंत त्याने तिच्यापाशी हाडाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, असा नियम.

तो काढत नव्हता. आधी एक्स-रे बघायचा, मग तिच्याकडे… आणि हसायचा.

आता हे हसू हाडाचं, की तिचं? हाडाचं असेल तर एक्स-रेच्या दिवशी ठेवणीतले कानातले घालणारी ती ठार वेडी.

"का हसलात?"

"नियम आहे."

"मग माझ्याकडे कशाला बघता—"

"त्याला नियम नाही."

घरी आई म्हणाली, "सरळ विचार ना त्याला."

"विचारलं. नियम सांगतो."

"म्हणजे तुझ्या बाबांसारखाच. चालेल आपल्याकडे."

निकाल लागला. औषधाच्या मण्यांनी हाडं छान भरली होती. सगळे अभिनंदन करत होते आणि ही गोंधळून उभी. तपकिरी ससा रिकाम्या मण्यांचा निघाला होता. आणि तो तर त्याच सशाच्या वेळी सगळ्यात जास्त हसला होता…

ती सशाला उचलून तडक एक्स-रेच्या खोलीत गेली.

"याचं भोक जसंच्या तसं आहे."

"दिसत होतं मला."

"मग हसलात कशाला?"

त्याने आधी खात्री करून घेतली. "नियम संपला ना?"

"संपला."

"हा ससा नेहमी तूच आणायचीस. बाकीचे ससे कोणीही आणायचं."

ती बराच वेळ सशाचे कान सरळ करत राहिली. ते सरळच होते.

"इतके दिवस हे कुठे अडकलं होतं?"

"बहुतेक… यकृतात."

"यापुढे थेट पोचवत जा," म्हणत तिने ससा त्याच्या हातात दिला. हात मात्र काढून घ्यायला ती विसरली.

ससा याही वेळी शांत होता.