डावीकडची सीट

थंडीत माझा एक ठरलेला उद्योग हाय. पान्हा गार पान्याच्या बादलीत बुडवायचा आन् वाकून काम करनाऱ्याच्या मानेवर टेकवायचा. माझा जोडीदार छगन पन्नाशीचा गडी, पन कोंबड्यावानी उडतो. नागापूरच्या एमायडीशीत कानिफनाथचं गॅरेज कुठं म्हनून इचारा, लोकं आदी हसतील, मग पत्ता सांगतील.

राजूरचे रविकांत सर, रिटायर मास्तर, जुनी सात सीटर गाडी घेऊन माझ्याकडं आले तवा मी हसत हसतच बोनेट उघडलं. गाडी त्यांनी सेकंडहँड घेतली ती बायकोचे गुडघे दुखतात म्हनून. थंडी वाजायचं दुखनं नंतरचं. आता त्याच गाडीतून ते नीलांबरीबाईंना नगरच्या दवाखान्यात आनायचे. रिपोर्ट सगळे चांगले, आन् बाई दोन शाली पांघरून भर उन्हात कुडकुडत्यात. ओठ निळे.

सरांची तक्रार अशी, की एकटे असले की ऑइलचा लाल दिवा लागतो आन् हिटर गार हवा फेकतो. बाई बरोबर असल्या की गाडी शहान्यावानी चालती.

"कानिफराव, ही रस्त्यात बंद पडली तर हिला एसटीनं न्यावं लागेल," सर म्हनले. "एसटीत ती पोचणार नाही."

बाई बाहेर उन्हात खुर्चीवर बसल्या हुत्या. मी ऑइल बदललं, फिल्टर बदलला, सेन्सर नवा टाकला. दिवा तसाच. मग सेन्सरच्या जागी ऑइलचं प्रेशर दावनारं माझं काट्याचं मीटर जोडलं. काटा झिरोवर. एवढ्या प्रेशरवर इंजिन खडखडून जाम व्हायला पायजे, हे तर गुळगुळीत चाललेलं. हिटरचे दोन्ही पाइप हाताला पोळत हुते, म्हंजे गरम पानी आत जातंय, माघारी बी येतंय. आन् डॅशबोर्डच्या जाळीतून हवा येतीय ती बर्फाच्या पेटीतून यावी तशी.

तेवढ्यात वारं सुटलं. बाई म्हनल्या, मी आतच बसते. डावीकडच्या सीटवर बसल्या.

काटा वर चढला. दिवा विझला. जाळीतून गरम हवा आली.

सर म्हनले, झालं की हो. मी बी हसलो. म्हनलं, बाई, जरा उतरा बरं. उतरल्या, काटा पडला. बसल्या, चढला. पुन्यांदा उतरताना त्यांचा तोल गेला म्हनून मी हात धरला.

माझ्या पान्ह्यापेक्षा गार हात हुता.

सर पलीकडं फोनवर दवाखान्याशी बोलत हुते. बाई हळूच म्हनल्या, "मला कळलंय ते. तिला मी लागते. यांना सांगू नका. फार हौसेनं घेतलीय त्यांनी."

आता असं काही सरांना सांगितलं असतं तर माझं नाव ऐकून ते बी हसले असते. म्हनून मी येगळाच रस्ता धरला. गाडीखाली गेलो आन् ऑइलचा नट काढला. सगळं ऑइल फरशीवर. सर वरडले न्हाईत. डोक्याला हात लावून बसले. म्हनले, डॉक्टरांनी आज बोलावलंय हो. मी म्हनलं, इंजिन खोलावं लागंल, गाडी इथंच राहू द्या. वळखीच्या राधाकृष्णची टॅक्सी बोलवली. दवाखाना करून राजूरपर्यंत सोड म्हनून सांगितलं.

ते गेले. मी नट बसवला, ऑइल भरलं. एवढ्यावर थांबायला पायजे हुतं. पन काटा बघायचा हुता.

छगनला स्टेअरिंगवर बसवलं, मीटर मांडीवर घेऊन मी डावीकडं. बायपासला लागलो. दुपारचं ऊन काचेवर.

काटा चढला.

पायाशी गरम हवा आली. चांगली गरम. छगननं स्वेटरची चेन खोलली. माझ्या मात्र पिंढरीतून कायतरी खाली उतरत गेलं, नळ सोडल्यावानी. दात वाजाय लागले.

"छगन, थांबव."

तो हसला. "आज पान्हा न्हाई घावला व्हय, दादा?"

मी दाराची कडी धरली. बोटं मिटंनात.

"छगन, पाया पडतो तुझ्या."

"लई भारी करता राव तुमी," तो म्हनला आन् गाडी आनखी दामटली. मी रडाय लागलो. त्यो डोळ्यातनं पानी येस्तोवर हसला. गॅरेजच्या दारात आल्यावरच थांबला. काटा कधी नव्हं एवढा वर हुता.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. हिनं शाली धुऊन कपाटात ठेवल्या म्हनले, अंगनात भाज्या लावतीय. आवाज असा फुललेला. गाडी कधी देताय, इचारलं. म्हनलं, पार्ट मिळंना.

गाडी मागच्या पत्र्याखाली उभी हाय. चावी मी नाल्यात टाकली.

काल छगन एका टेम्पोवर वाकला हुता. गिऱ्हाईक आलंय एवढंच सांगायला मी मागून गेलो, त्याच्या मानेला हात लावला.

"पान्हा काढा, दादा," तो वर न बघता म्हनला.

पान्हा भिंतीवर खिळ्याला हुता.