बंद पाइपातले श्वास

"अहो, हात काढा तो! ती काच कुणी बाहीने पुसतं का?"

पहिली भेट ही अशी, खेकसण्याने झाली. पाइपाच्या खिडकीशी उभा असलेला नवा पंपवाला दचकला, मग गालात हसला. "मग कशाने पुसू, थेंबराणी? तुमच्या रागाने? चांगलाच कढत दिसतोय."

ती हसली नाही... म्हणजे, त्याला दिसेल असं हसली नाही.

तिचं काम भलतंच नाजूक. हॉलभर लांब पाइप. त्यातून वारा आणि पाणी एकत्र सोडायचं, आणि वाऱ्याबरोबर उडणारा थेंब न् थेंब लेसरच्या हिरव्या किरणात पकडून त्याचा आकार मोजायचा. प्रयोगासाठी सगळीकडे हाडं गोठवणारी थंडी ठेवलेली. किरणाची खिडकी भिंतीला अगदी खेटून, आणि पाइपाचं झाकण लावलेलं टोक भिंतीपलीकडच्या पंपाच्या खोलीत. रोज दुपारी आधी सगळं बंद करून पडद्यावर थेंबांचा आकडा शून्य येतोय ना, ते बघायचं. बंद पाइपात थेंब कुठून येणार?

चौथ्या दिवशी आले.

अगदी बारीक. थोडे आले, थांबले. पुन्हा थोडे... पुन्हा थांबले. पाइपात कुणीतरी श्वास घेत होतं!

"पंप बंदच होता ना हो?" तिने पंपवाल्याला विचारलं.

"ठार बंद. का?"

"मग पाइपात कोण आहे?"

"असेल कुणीतरी..." तो नजर चुकवत म्हणाला, "तुमच्यावर जीव जडलेलं."

"थट्टा पुरे!" ती म्हणाली खरी, पण आता त्या खिडकीशी एकटीने बसायची तिला भीती वाटू लागली. थेंब मात्र रोज येत राहिले, त्याच वेळी, त्याच लयीत.

आठवड्याने प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं, "उद्या शून्य आलं नाही, तर यंत्र परत. तुझा प्रयोग बंद." दोन वर्षांची मेहनत मातीमोल होणार होती.

दुसऱ्या दिवशी थेंब दिसले, तसा तिने मन घट्ट करून पाइपाला कान लावला. आत कुजबुज चालली होती. घोगरी, खोल... "थेंबराणी..."

ती तशीच उठली आणि भिंतीपलीकडे धावली.

पंपवाला गुडघ्यांवर बसला होता. झाकण हातात, तोंड पाइपात, आणि थंडीने श्वासाची वाफ होत होती.

"तुम्ही? अहो, भुताच्या भीतीने जीव अर्धा झाला माझा!"

तो लाजेने लालबुंद झाला. "थट्टा जमते हो मला... खरं बोलायला गेलो की दातखीळ बसते. म्हणून इथे सराव करत होतो. श्वासाचेही थेंब मोजले जातात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"झाकण सैल होतं म्हणून सांगू सरांना—"

"नको. तुमच्या कामात खोटं नको." झाकण घट्ट बसवून तो थेट सरांकडे गेला, आणि सरांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं.

पडद्यावर शून्य आलं. सर "शाब्बास" म्हणाले. ती मात्र त्या पडद्याकडे बघत राहिली. इतके दिवस जिला भ्यायची, ती चाहूलच आता नव्हती, आणि तिला एकदम रडू फुटलं.

तो पिशवी घेऊन फाटकापर्यंत पोचला होता. ती धापा टाकत त्याच्यासमोर उभी राहिली.

"बोला आता."

त्याने तोंड उघडलं... मिटलं. पुन्हा उघडलं.

"राहू द्या," ती डोळे पुसत म्हणाली, "मीच सांगते. मला तुम्ही आवडता. खूप."