भुवया नकोत, तोंडाने बोला

"घड्याळ काढा!"

माझा वर्गातला आवाज कारखान्याच्या हात धुण्याच्या खोलीत घुमला आणि नळाशी उभ्या असलेल्या बायका दचकून माझ्याकडे बघायला लागल्या. मी बोट रोखलं होतं ते आत निघालेल्या एका उंच माणसाकडे. अंगात पांढरा डगला, डोक्याला जाळीची टोपी, तोंडावर मास्क, सगळं नियमाप्रमाणे... आणि मनगटावर चकचकीत घड्याळ!

"भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय. वाचता येत नाही का?"

तो थांबला. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते. तपकिरी, आणि चांगलेच मिश्कील. त्याने भुवया टुणकन वर उडवल्या. आमच्या सेबूत, म्हणजे फिलिपिन्सच्या या बेटांवर, याचा अर्थ 'हो'. तोंड उघडायचे कष्टच नकोत! शाळेत माझी पोरं दिवसभर हेच करतात आणि मी दिवसभर एकच वाक्य बोलते. सवयीने तेच बाहेर पडलं.

"भुवया नकोत. तोंडाने बोला."

"हो, मॅम." त्याने घड्याळ काढून सरळ माझ्या हातावर ठेवलं. "कपाटात ठेवता का? माझे हात धुवून झालेत."

"घड्याळाला लागले ना? आता परत धुवा."

आणि तो खरंच परत नळाशी गेला. शेजारची मनांग देलिया माझ्या कानाशी लागली. ती तिथली सगळ्यात जुनी कामगार, म्हणून सगळ्यांची मनांग, म्हणजे ताई. "इंदाय, अगं पोरी, ते रुएल सर. अख्खा कारखाना त्यांच्या हाताखाली चालतो."

झालं! पहिलाच दिवस, आणि मी साहेबालाच हात धुवायला लावले होते.

मी जोवेलिन मारातास. कामोतेस बेटावरच्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. उन्हाळ्याच्या सुट्टीत विज्ञानाच्या शिक्षकांना कारखान्यात कामाला पाठवायची योजना आली, तेव्हा सगळ्यात आधी हात वर केला तो मी. बाबा म्हणाले, "सुट्टीत कुणी राबतं का?" पण मला राबायचंच होतं. माझी पोरं दरवर्षी विचारतात, "मॅम, हे शिकून करायचं काय?" आणि मी दरवर्षी पुस्तकातलं उत्तर देते. यंदा मला डोळ्यांनी पाहिलेलं उत्तर हवं होतं. म्हणून मी बेट सोडून समुद्रापलीकडच्या आंबे सुकवायच्या कारखान्यात आले होते. साखरेच्या पाकात फोडी घोळवायच्या, चाळण्यांवर पसरायच्या आणि गरम हवेच्या भट्टीत सुकवायच्या. खोलीवर गेल्यावरही केसांना आंब्याचा वास यायचा.

भट्टीपाशी पंख्यांची इतकी घरघर, की सगळा कारभार डोळ्यांवर चालायचा. रुएल सर लांबूनच हाताने विचारायचे, 'खायला येताय?' बाकीच्या बायका भुवया उडवून मोकळ्या. मी कशी उडवणार? माझं तत्त्व ना! मी अख्खा हॉल ओलांडून त्यांच्या कानाशी जायची आणि ओरडायची, "हो!"

"पुन्हा सांगा, ऐकू नाही आलं."

"हो म्हटलं!"

मग ते विचारायचे, चाळणी भरली? पाक गार झाला? दिवसातून किती वेळा! दुसऱ्या आठवड्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"सर, तुम्ही मुद्दाम विचारता."

"हो," ते म्हणाले. तोंडाने. "जवळ यायची ही एकच वाट दिसली."

मी तरातरा माघारी फिरले. मास्क होता म्हणून बरं... नाहीतर सगळ्यांनी माझं हसू पाहिलं असतं.

मे महिन्यात आंब्यांचा पूर आला आणि भट्टीतून फोडी निघायला लागल्या वरून कडक, आतून ओल्या. माल परत यायला लागला. कारण साऱ्यांना ठाऊक होतं. लवकर उरकावं म्हणून बायका गुपचूप आच वाढवायच्या. सरांनी सूचना लावल्या, आवाज चढवला, पण आचेच्या बटणावरचे हात काही हटेनात.

मी म्हटलं, "मला थोडा वेळ द्या."

खाण्याच्या सुट्टीत मी सगळ्यांना गोळा केलं. जास्त आचेवरची एक फोड घेतली, मधोमध कापली आणि कागदावर दाबली. ओला डाग उमटला.

"वरचा थर कडक झाला, म्हणजे दार आधीच बंद झालं. मग आतलं पाणी जाणार कुठून?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मनांग देलिया हळूच म्हणाली, "अगं बाई! आपणच कोंडलं की त्याला."

"मग आच कमी ठेवायची ना?"

सगळ्यांच्या भुवया एकदम वर.

"भुवया नकोत! तोंडाने बोला!"

"हो, मॅम!" खोली दणाणली. त्या दिवसापासून त्या बटणाला कुणी हात लावला नाही. माझी छाती अशी फुगली म्हणता! बाई मी शाळेची, पण माझा वर्ग भट्टीपाशीही भरला होता.

शेवटच्या दिवशी सर माझ्यासमोर येऊन बसले. मास्क नव्हता. गालावर दाढी करताना कापल्याची खूण होती.

"मालक म्हणतात, इथेच राहा. कायमच्या. कामगारांना शिकवायला. पगार शाळेपेक्षा कितीतरी जास्त." ते अडखळले. "आणि... मीही म्हणतो, राहा."

काय सांगू, काळीज असं धडधडलं! 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ते पुढे बोलले, "तुमच्यासारखी बाई त्या बेटावर वाया जातेय."

"वाया?" मी उठून उभी राहिले. "मी इथे आले ती त्या बेटावरच्या पोरांसाठी, सर. हे घेऊन त्यांच्याकडेच जाणार."

"तसं नव्हतं म्हणायचं..."

"तसंच म्हणालात."

आणि मी निघाले. ताठ मानेने. बोटीत बसल्यावर मात्र वाटभर रडले, खोटं कशाला बोलू? नोकरीसाठी नाही हो... त्या डोळ्यांसाठी.

जूनमध्ये शाळा उघडली. वर्गाबाहेर पत्र्यावर आंब्याच्या फोडी वाळत होत्या आणि आत कडाक्याचा वाद चालला होता. भर उन्हातली फोड ओली, सावलीतली कोरडी, हे कसं? एवढ्यात दारावर टकटक झाली.

रुएल सर! शर्ट समुद्राच्या पाण्याने भिजलेला, केस वाऱ्याने विस्कटलेले. आवाजही खाली आलेला.

"मागे बसू का, मॅम?"

मी नुसती मान हलवली. ते शेवटच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. माझ्या वर्गातल्या आयरीनने उठून अख्ख्या वर्गाला समजावलं, दार आधी बंद झालं की पाणी आतच कोंडतं. ते कान देऊन ऐकत राहिले. मग त्यांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला.

"एक चूक दुरुस्त करायची आहे. तुमच्या मॅम इथे वाया जातायत, असं मी म्हणालो होतो." वर्गात कुजबुज उठली. "चुकलो. आमच्या कारखान्यात मला जे जमलं नाही, ते इथली एवढीशी पोर करून दाखवते. त्यांनी हेच शिकवत राहावं."

माझे डोळे भरून आले. माझी पोरं! माझी शाळा!

"आणि एक प्रश्न," ते उभे राहिले. घड्याळ नसलेलं मनगट उगीचच चोळत होते. "या रविवारी तुमच्या घरी येऊ का... आईबाबांना भेटायला?"

सगळी पोरं माझ्याकडे वळली. आमच्याकडे तरुण माणूस मुलीच्या आईबाबांना भेटायला येतो, तो कशासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तोंड उघडायच्या आतच भुवया आपोआप वर उडाल्या.

मग अख्खा वर्ग एका सुरात ओरडला,

"मॅम, भुवया नकोत! तोंडाने बोला!"

किती नीट शिकवलं होतं मी त्यांना! अभिमानाने ऊर भरून आला. मी डोळे पुसले, पुढे झाले आणि शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"हो!"