बारीसालचा पाहुणा

"काऊन हो, बायामान्सावर दुर्बीण रोखून राह्यले? लाज नाई वाटत?"

मंजुळा एक हात कमरेवर ठेवून वाटेतच उभी राहिली. डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी, कपाळावर घामाचे दोन थेंब. समोर तीन पायांचं पितळी यंत्र, आणि त्यामागं एक उंच, सावळा तरुण. तो असा दचकला की त्याच्या हातातली पेन्सिल घरंगळत उतारावरून खाली गेली.

"मी... मी सरोवर मोजतो. तुम्ही मध्ये आलात."

"म्हंजे चूक माहीच?"

"नाही, नाही! चूक हिची. हिच्यात सगळं उलटं दिसतं. तुम्ही डोकं खाली, पाय वर, अशा आभाळातून चालत होतात... आणि एवढी मेथी, पण एक काडी पडेना. मग मी बघतच राहिलो."

एवढ्या सरळपणे कबुली देणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं? मंजुळेनं पाटी उतरवली आणि कुतूहलानं दुर्बिणीला डोळा लावला. खाली मळ्यात तिचे बाबा, तुळशीराम, कांद्याच्या वाफ्याला लोंबकळत पाणी देत होते! ती इतकी हसली की जवळच्या झाडावरचा मोर उडून गेला.

लोणारच्या सरोवराचं मोजमाप करायला सरकारी माणसं आली होती, त्यातला हा तापस मंडल. आधी दोन वर्षं नागपूरला होता, म्हणून मराठी बोलायचा. पण हळूहळू, पुस्तकातली, एकेक शब्द पुसून ठेवल्यासारखी. मंजुळेला ती ऐकताना उगीचच गोड वाटायचं.

मळ्याची वाट त्याच्या यंत्रावरूनच जायची. दुसऱ्याही वाटा होत्या म्हणा, पण त्या तिला आताशा लांब वाटू लागल्या होत्या.

"साहेब, तुमचं गाव कोनतं?" एके दिवशी तिनं विचारलं.

"बारीसाल."

"कोन्या देशात आलं ते?"

तो नदीकडं बघावं तसा सरोवराकडं बघत राहिला.

"जन्मलो तेव्हा हिंदुस्थानात होतं. चालायला लागलो तेव्हा पाकिस्तानात. आता रेडिओवाले म्हणतात, बांगलादेश."

"अगं माय! आन् गाव?"

"गाव तिथंच आहे. नदीकाठी. आमच्या दारात होडी बांधलेली असायची, तुमच्याकडं बैल बांधतात तशी."

"मंग तुम्ही कोनचे?"

"मी भारताचा. पाच वर्षांचा असताना आईनं कडेवर घेऊन कलकत्त्याला आणलं. आई होती तोवर तिथं घर होतं..." वाक्य तसंच राहिलं. मंजुळेनं पाटीतली दोन कोवळी वांगी काढून त्याच्या पुढ्यात ठेवली, आणि वळून न बघता निघून गेली. वळून बघितलं असतं तर डोळे दिसले असते.

त्यानंतर तिला स्वप्नं पडू लागली ती पाण्याची. कधी न पाहिलेली नदी, दारात डुलणारी होडी, आणि होडीत तो... भाकरी थापता थापता ती हरवायची, तव्यावरची भाकरी करपायची. "पोरी, ध्यान कुठं हाये तुहं?" आई, सुभद्राबाई, विचारायची. ध्यान कुठं होतं हे सांगण्यासारखं असतं तर काय हवं होतं!

डिसेंबर लागला आणि लढाई पेटली. गावात एकच रेडिओ, तो उकंडरावांच्या ओट्यावर. उकंडराव म्हणजे गावचे कारभारी. लग्नापासून लढाईपर्यंत सगळ्यात त्यांचा शब्द. त्यांच्या ओट्यावर कुणीतरी म्हणालं, तो दुर्बीणवाला पाकिस्तानात जन्मलेला आहे. झालं! पराचा कावळा व्हायला कितीसा वेळ? संध्याकाळपर्यंत तापसच्या यंत्रात बिनतारी संदेश शिरला, आणि सरोवरात म्हणे रात्री विमान उतरणार होतं.

"त्या रस्त्यानं जाचं नाई," तुळशीरामांनी लेकीला बजावलं. "मानूस बरा दिसते, पन देशाचा पत्ता नाई त्याच्या."

मंजुळा लांबच्या वाटेनं जाऊ लागली. त्या वाटेनं दुर्बीण दिसायची, पण माणूस दिसायचा नाही. जीव नुसता कासावीस व्हायचा.

आणि मग एका संध्याकाळी रेडिओ गर्जला. लढाई संपली, बांगलादेश स्वतंत्र झाला! सकाळी तापसला घर सोडायला सांगणारी माणसं संध्याकाळी त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालून त्याला मिरवत होती. "तुमचा देश सुटला, मंडलसाहेब!" उकंडरावांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. तो "अहो, मी भारताचाच..." म्हणाला, पण तोंडात पेढा असला की माणसाचं कोण ऐकतं?

गावानं एकदा ठरवलं की ठरवलं. पाहुणा आता आपल्या देशी जाणार. मग त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? पौषात तुळशीरामांच्याच शेतात हुरडा ठेवायचा, आणि तिथंच नारळ-उपरणं देऊन निरोप द्यायचा, असा बेत झाला. ज्याला जायचं होतं, त्याला मात्र कुणी विचारलं नाही.

मंजुळेला वाटलं, तो जाणारच असेल. दारात होडी असलेलं गाव सोडून कोण इथं खाऱ्या पाण्याकाठी राहील? ती लसणाची चटणी वाटत बसली, आणि मिरचीच्या नावानं तिनं मनसोक्त रडून घेतलं.

हुरड्याच्या दिवशी आगटीत गोवऱ्या धुमसत होत्या, भाजलेल्या कणसांचा वास रानभर पसरला होता. तापस मधोमध बसला होता, पाटावर बसवलेल्या मुलासारखा अवघडून. मंजुळा हुरडा वाढायला आली. बोटाला बोट लागलं... दोघांनीही हात मागं घेतला नाही.

"कधी निघता?" तिनं खाली बघतच विचारलं.

"तुम्हीही विचारता?"

तिनं वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत प्रवासाला निघालेल्या माणसाचा आनंद नव्हता.

तेवढ्यात उकंडराव उपरणं घेऊन उठले. "तर मंडळी, आपले पाहुने आता आपल्या देशी जाऊन राह्यले..."

"काका, थांबा." तापस उभा राहिला. आज त्याचे शब्द पुसलेले नव्हते, थरथरत होते. "मला जायचं नाही. बारीसालला आम्हाला जा म्हणाले, आम्ही निघालो. कलकत्त्यात शेजारी म्हणायचे, जा तुझ्या पाकिस्तानात. तुम्ही किती प्रेमानं म्हणता, पण तुम्हीही जाच म्हणता! मला आजवर राहा असं कुणी म्हटलेलंच नाही."

उकंडरावांचा हात उपरण्यासकट हवेतच राहिला.

मंजुळेच्या हातातली टोपली खाली आली. चारचौघांत, बापासमोर, कारभाऱ्यांसमोर...

"मी म्हनते," ती म्हणाली. "राहा."

एकच शब्द. पण तो ऐकून तापसचा चेहरा असा झाला की सुभद्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तुळशीराम मात्र बराच वेळ कणीस चोळत बसले. भाऊबंद काय म्हणतील, जातवाले काय म्हणतील, सगळं त्या तळहातात चोळलं जात होतं.

"पोरीले तिकडं बांगलादेशात नेसान का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"मीच जात नाही, तिला कुठं नेऊ? इथलं काम दोन वर्षं चालेल. पुढं बुलढाण्याला बदली मागेन."

"आन् तुमच्या देशाचं नाव पुन्हा बदललं तं?"

"बदलू द्या, बाबा," मंजुळा मध्येच बोलली. "मी का देशासंग नांदनार हाये?"

आधी उकंडराव हसले, मग सगळं रान हसलं. तुळशीराम हसले नाहीत. त्यांनी चोळलेला, फुंकर घालून साफ केलेला गरम हुरडा तापसच्या ओंजळीत ओतला आणि उकंडरावांकडं वळून म्हणाले,

"ते उपरनं घडी करून ठेवा, उकंडराव. लग्नात लागीन."