नऊ व्होल्टची चव

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो माणूस अजून आहे, त्याचं दुकानही आहे. विश्वास बसत नसेल तर जाऊन विचारा.

फक्त तो जेवत असताना जाऊ नका.

लोक त्याला टेस्टर म्हणतात. रेडिओ, अ‍ॅम्प्लिफायर, काय वाट्टेल ते दुरुस्त करतो. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी जिवंत आहे की मेलेली, हे तो मीटरने बघत नसे. जिभेने बघे. दोन्ही टोकं जिभेला लावायची, झिणझिणलं की बॅटरी चांगली. बायको म्हणायची, "एक दिवस ही जीभच दगा देईल हं!" तो हसायचा.

रात्र नव्हती. रविवारची टळटळीत दुपार, अडीच वाजलेले. दुकानाचं शटर अर्धं खाली. समोर स्टुलावर त्याची मावशी आणि टेबलावर तिचा डबा.

डबा टेस्टरनेच बनवलेला. मावशीचा नवरा, म्हणजे त्याचे काका, म्हातारपणी बहिरे झाले तेव्हा. एक माइक, आवाज मोठा करणारी आठ पायांची, म्हणजे पिनांची, एक ऑप-अँप आयसी, एक बॅटरी आणि कानाला हेडफोन. माइक समोरच्याकडे धरला की ऐकू यायचं. काका सात महिन्यांपूर्वी गेले. जेवता जेवता, घास तोंडात असतानाच. तोवर मावशीचेही कान गेले होते. डबा तिच्याकडे आला.

तीन आठवडे तो बंद होता. दर रविवारी चारला तिच्या लेकीचा परदेशातून फोन यायचा. तीन रविवार मावशी फोन हातात धरून नुसतं "हो, हो" म्हणत होती.

"आज मला तिचं ऐकायचंय," ती म्हणाली. "नाहीतर डबा आणि तू, दोघांनाही भंगारात घालीन."

"होईल गं मावशी!"

"ओरडू नकोस. बहिरी आहे, मठ्ठ नाही. ओठ दिसतात मला."

त्याने चार स्क्रू काढून काचेच्या वाटीत टाकले. झाकण उचललं.

आणि वास आला...

न धुतलेल्या तोंडाचा. आंबट. कोमट.

माइकच्या भोकांखाली अन्नाचे कण चिकटले होते. काका डबा ताटाशेजारी ठेवायचे, कण उडणारच. पण सात महिन्यांत ते वाळून खडखडीत व्हायला हवे होते.

त्याने चिमट्याने एक कण उचलला.

ओला होता... मागे लाळेची तार लोंबली.

"मावशी, तू हा घेऊन जेवतेस?"

"छे! एकटीने जेवताना ऐकायचं कोणाचं? उशाशी असतो माझ्या."

शिसारी आली. पण हाताला सवय होती. त्याने बॅटरी काढली आणि जिभेला लावली.

झिणझिणलं नाही.

चव आली...

दुसऱ्याच्या तोंडाची चव. कोणीतरी अर्धा चघळलेला घास आपल्या तोंडात सरकवावा, तशी. जिभेखाली काहीतरी लिबलिबीत हललंसुद्धा.

तो धावत जाऊन थुंकला. पाचदा चूळ भरली. बेसिनमध्ये नुसतं पाणीच पडलं.

मावशीने नाक मुरडलं. "मीटर काय शोभेला ठेवलायस?"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने बॅटरीला मीटर लावला. आकडे एका पुठ्ठ्यावर लिहीत गेला. तो पुठ्ठा अजून त्याच्या खणात आहे.

*बॅटरी ९.१. चांगली.*
*पिन ७ : ९.१. ठीक.*
*पिन ४ : शून्य. ठीक.*
*पिन ३ : निम्मे हवेत. आहेत ८.९!*
*पिन ६, आउटपुट : ८.२. वर चिकटलंय.*
*चव : अजून आहे.*

तिसऱ्या पिनला निम्मे व्होल्ट देणारे दोन रेझिस्टर असतात. त्यातल्या खालच्याचा पाय हिरवा पडून कुजला होता. त्यावर चिकट, पिवळट थर. त्याने श्वास रोखून तो खरवडला, रेझिस्टर बदलला.

*पिन ३ : ४.५.*
*पिन २ : ४.५.*
*पिन ६ : ४.५. झालं.*

साडेतीन वाजले होते. त्याने हेडफोन लावला.

मच... मच... मच...

कोणीतरी खात होतं. बकाबका, ओठ उघडे टाकून. मध्येच गटकन गिळल्याचा आवाज. मग कवळीची टकटक. मग पुन्हा मच... मच...

त्याने हेडफोन काढून पुसला, पुन्हा लावला.

सर्किट स्वतःच आवाज करत असेल, तर ते शोधायची साधी रीत आहे. माइकची तार ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या वजा टोकाला, टेकवायची; माइक मुका होतो. तरी आवाज आला, तर दोष आतला.

त्याने तार टेकवली.

शांतता.

सोडली.

मच... मच...

म्हणजे सर्किट निर्दोष होतं. आवाज माइकमधून येत होता. याच खोलीतून.

त्याने माइक शटरकडे धरला. आवाज पुसट झाला. बेसिनकडे धरला, तर थेंब थेंब पाणी. मावशीकडे धरला, तर तिचा श्वास. एकेक जागा वगळत जायची, हेच तर त्याचं काम.

एकच जागा उरली होती...

त्याने माइक स्वतःकडे वळवला.

कान फुटायची वेळ आली.

त्याचे ओठ मिटलेले होते. दात आवळलेले. त्याने जबड्याला हात लावून पाहिला. जबडा हलत नव्हता.

पुठ्ठ्यावर शेवटची ओळ आहे : *माइक माझ्याकडे :*

पुढे काही लिहिलेलं नाही.

"झालं ना? दे इकडे," मावशीने हात पुढे केला. चारला पाच कमी होते. तिचा चेहरा बघून त्याला नाही म्हणवेना. डबा देऊन तो पार मागच्या फळीपाशी जाऊन उभा राहिला. तोंडावर हात दाबून.

फोन वाजला. मावशीने स्पीकर लावला, माइक जवळ नेला.

"आई, येतंय का ऐकू?"

"येतंय गं बाई! बोल, बोल!" मावशीचे डोळे भरून आले. मिनिटभर ती नुसती ऐकत राहिली.

मग कपाळाला आठी पडली.

"तू जेवतेयस का गं?"

"नाही आई. आत्ता तर उठले."

"मग हे..."

मावशीने माइक फोनवरून काढला. सावकाश खोलीभर फिरवला. टेस्टरपाशी येऊन तो थांबला.

तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. त्याने हात काढून दाखवला. मिटलेले ओठ. मान हलवून नाही, नाही म्हणाला.

ती घाबरली असती तर बरं झालं असतं.

ती हसली. चाळीस वर्षं सोसलेल्या खोडीला हसावं, तशी.

"अहो," ती म्हणाली, "हळू चावा. कोणी ताट ओढून नेत नाहीये."

"आई? कोणाशी बोलतेस? आई?" लेक हाका मारत राहिली.

मावशीने फोन पालथा घातला. काचेच्या वाटीतले स्क्रू टेबलावर ओतले, तिच्यात पाणी घातलं आणि वाटी त्याच्यापुढे सरकवली. काका झोपताना कवळी अशाच वाटीत काढून ठेवायचे.

टेस्टरचे सगळे दात त्याचे स्वतःचे होते.

डबा आता झकास चालतो. मावशी दर रविवारी दुकानात येते. चारला फोन वाजतो, वाजून वाजून बंद होतो. ती उचलत नाही. हेडफोन लावून, माइक त्याच्याकडे धरून ऐकत बसते. तो तोंड मिटून समोर बसतो. मध्ये ती वाटी.

परवापासून त्याची खालची एक दाढ हलतेय...